‘राईट आऊट’ ते ‘आरडब्ल्यू’: फुटबॉलच्या शब्दांबद्दल इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर. या भागांतून फुटबॉलबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतले निम्मे तरी नियमांचे वाटतात आणि निघतात शब्दांचे. आजोबा एक म्हणतात, हॉकी खेळलेले बाबा दुसरं, कोच हिंदीत तिसरं आणि नातू व्हिडिओ गेममधली अक्षरं फेकतो. खालचं प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. संबंध असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियमांचा उल्लेख येतो तो अकरा जणांच्या खेळाचा, टर्फचे (कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानाचे) अपवाद प्रश्न १३ मध्ये आहेत.

१. आजोबा ‘राईट आऊट’ म्हणतात, नातू ‘आरडब्ल्यू’. जागा एकच ना?

जागा एकच (आरडब्ल्यू म्हणजे राईट विंग), काम थोडं वेगळं. आजोबांच्या डोळ्यांपुढे २-३-५ चा संघ असतो: एक गोलकीपर, बचावाला दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. पाच फॉरवर्ड उजवीकडून डावीकडे असे: राईट आऊट, राईट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आऊट. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा पी. के. बॅनर्जी राईट आऊट आणि कर्णधार चुनी गोस्वामी लेफ्ट इन, हे त्या पिढीला पाठ असतं. तोवर जगात ४-२-४ (चार बचावात, दोन मध्ये, चार पुढे) रुळलं होतं, पण नावं जुनीच चालू राहिली.

राईट आऊटने चुन्याची लाईन धरून पळायचं आणि गोलसमोर बॉल टाकायचा. आजचा आरडब्ल्यू पुष्कळदा डावखुरा असतो, आत वळून स्वतः शॉट घेतो आणि बॉल गेला की आपल्या राईट बॅकच्या मदतीला धावत मागे येतो. त्यामुळे नातू लाईन सोडून आत शिरला की आजोबांना तो जागा चुकला असं वाटतं. त्याला कोचनेच तसं सांगितलेलं असतं. राईट इन आणि लेफ्ट इन यांची नेमकी जागा आता उरलेली नाही. जवळात जवळ म्हणजे ‘एट’ किंवा ‘टेन’ (प्रश्न ३).

२. ‘सेंटर हाफ’ मधला असतो की मागचा?

दोन्ही, आणि दोघंही बरोबर असतात. २-३-५ मध्ये सेंटर हाफ मैदानाच्या मध्यावर असे. १९२५ मध्ये ऑफसाईडचा नियम सैल झाला (प्रश्न ९) आणि फॉरवर्ड मोकळे सुटू लागले. तेव्हा इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन आणि इतरांनी सेंटर हाफला ओढून दोन फुलबॅकच्या मध्ये उभं केलं. खेळाडू मागे गेला, नाव तसंच राहिलं. म्हणून इंग्लंडमध्ये आजही ‘सेंटर हाफ’ म्हणजे बचावातला मधला गडी.

आपल्याकडे या मागच्या गड्याला ‘स्टॉपर’ म्हणायची पद्धत पडली, आणि ती कोलकात्यापासून इंदूरपर्यंत अजून टिकून आहे. जर्नेल सिंग स्टॉपर होते. १९६२ च्या एशियाडच्या अंतिम सामन्यात डोक्याला दुखापत असताना त्यांना पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं आणि त्यांनी गोलही केला. दक्षिण कोरियाविरुद्ध भारताने तो सामना २-१ असा जिंकला.

एखादे काका “मी सेंटर हाफ खेळायचो” म्हणाले तर “स्टॉपर की हाफ?” एवढं विचारा, लगेच उलगडा होतो. साठ-सत्तरच्या दशकातला ‘लिंकमन’ म्हणजे ४-२-४ मधला मधल्या दोघांपैकी एक, आजच्या भाषेत सेंट्रल मिडफिल्डर. ‘स्वीपर’ म्हणजे स्टॉपरच्याही मागे राहून सुटलेला बॉल झाडणारा. ही जागा आता क्वचितच दिसते.

३. कोच म्हणाला “सिक्सला खेळ”, पण मुलाच्या जर्सीवर २३ आहे. मग?

इथे ‘सिक्स’ म्हणजे पाठीवरचा आकडा नव्हे, काम. इंग्लिश लीगने १९३९ मध्ये जर्सीवर नंबर सक्तीचे केले आणि ते २-३-५ प्रमाणे मागून पुढे वाटले: १ गोलकीपर, २ व ३ फुलबॅक, ४-५-६ हाफ, ७ ते ११ फॉरवर्ड. पुढे रचना बदलल्या, पण आकडे कामाला चिकटून राहिले. आजच्या अकादमीच्या भाषेत सिक्स म्हणजे बचावापुढचा मिडफिल्डर, एट म्हणजे एका बॉक्सपासून (प्रश्न ४) दुसऱ्या बॉक्सपर्यंत पळणारा, टेन म्हणजे स्ट्रायकरच्या मागून पास पुरवणारा, नाईन म्हणजे स्ट्रायकर. ‘फॉल्स नाईन’ म्हणजे स्ट्रायकरच्या जागी उभा राहून मधोमध उतरणारा.

घोळ होतो तो प्रदेशागणिक. अर्जेंटिनात बचावापुढचा गडी ‘पाच’ असतो आणि ६ नंबर सेंटर बॅकचा. ब्राझीलमध्येही तो पाचच, पण तिथे ६ नंबर लेफ्ट बॅकचा. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत तेच काम ४ नंबरवाला करी. मुलगा यूट्यूबवर कुठल्या देशाचा व्हिडिओ बघून आला, त्यावर त्याचा ‘सिक्स’ ठरतो. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकताना आकडा नको, ‘राईट बॅक’, ‘डावा स्टॉपर’, ‘मधला हाफ’ असं बाजूसकट लिहा.

४. ‘डी’मध्ये फाउल झाला तरी रेफ्रीने पेनल्टी दिली नाही. हा पक्षपात नाही का?

इंदुरात सगळ्यात जास्त भांडणं या एका अक्षरावरून होतात, आणि दोष हॉकीकडे जातो. हॉकीत ‘डी’ म्हणजे अख्खं शूटिंग सर्कल, १४.६३ मीटर त्रिज्येचं. आतल्या फाउलला पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोक मिळतो. मध्य प्रदेशात हॉकीचं वजन मोठं, त्यामुळे हॉकी बघितलेली माणसं फुटबॉलच्या चौकोनालाही सहज ‘डी’ म्हणतात.

फुटबॉलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा चौकोन, म्हणजे पेनल्टी एरिया किंवा ‘अठरा यार्डाचा बॉक्स’: ४०.३२ मीटर रुंद, १६.५ मीटर खोल. बचाव करणाऱ्याने डायरेक्ट फ्री किकचा (जिच्यावरून थेट गोल करता येतो) फाउल या चौकोनात केला तर पेनल्टी. चौकोनाच्या पुढच्या रेषेला चिकटलेला अर्धगोल तुकडा, खरा ‘डी’, हा पेनल्टी एरियाचा भाग नाही. १९३७ मध्ये तो आखायला सुरुवात झाली ती एकाच कारणाने: पेनल्टी मारताना बाकीचे खेळाडू बॉलपासून ९.१५ मीटर लांब राहिले पाहिजेत, आणि चौकोनाची पुढची रेषा पेनल्टीच्या ठिपक्यापासून साडेपाचच मीटरवर आहे. उरलेलं अंतर हा कमानीचा तुकडा भरून काढतो. बाकी पूर्ण सामन्यात त्याला काहीही अर्थ नाही. त्या तुकड्यात कुणी टंगडी घातली तर साधी फ्री किक.

मग काटेकोर प्रश्न: फाउल नेमका चौकोनाच्या रेषेवर झाला तर? पेनल्टीच, कारण रेषा ज्या भागाला घेरते त्याच भागाची असते. धरून ओढणं बाहेर सुरू झालं आणि आतपर्यंत चालू राहिलं तर तीही पेनल्टी.

मुलांना शिकवताना ‘बॉक्स’ म्हणा. ‘डी’ हा शब्द फक्त कमानीसाठी ठेवलात तर निम्मे वाद मिटतील.

५. “सेंटर कर” म्हणजे नक्की काय करायचं?

ऐकणाऱ्याने मैदानावर आपण कुठे उभे आहोत ते बघायचं. गोल झाल्यानंतर “सेंटर!” म्हणजे मध्यावरून खेळ पुन्हा सुरू करा, आता याला किक-ऑफ म्हणतात. लाईनजवळ बॉल पायात असताना “सेंटर कर!” म्हणजे गोलसमोर उंच बॉल टाक, नातवाच्या भाषेत ‘क्रॉस’. “सेंटरला ये” म्हणजे बहुधा मधोमध सरक.

किक-ऑफबद्दल आजोबांची आठवण आणि आजचा नियम जुळत नाही. पूर्वी बॉल पुढेच सरकवावा लागे, म्हणून दोघं उभे राहत. २०१६ पासून तो कुठल्याही दिशेला मारता येतो, त्यामुळे एकटा खेळाडू सरळ मागे पास देतो. २०१९ पासून टॉस जिंकणाऱ्याला बाजू घ्यायची की किक-ऑफ, हेही निवडता येतं.

६. इंजुरी टाईम, एक्स्ट्रा टाईम, जादा वेळ: यातलं काय कधी?

४५ मिनिटं संपल्यावर दुखापत, बदली खेळाडू, वेळकाढूपणा यांच्यात गेलेली मिनिटं रेफ्री भरून देतो, तो इंजुरी टाईम. आता इंग्रजी समालोचनात ‘स्टॉपेज टाईम’ किंवा ‘अॅडेड टाईम’ ऐकू येतं. मराठीत ‘भरपाई वेळ’ बरं बसतं. फलकावर ४ दिसलं तर किमान चार मिनिटं. त्यातही कुणी वेळ घालवला तर रेफ्री वाढवू शकतो, आकड्यापेक्षा कमी करू शकत नाही. “चार झाले, शिट्टी मारा” हा आरडाओरडा म्हणून फुकट.

एक्स्ट्रा टाईम ही वेगळी बाब. बाद फेरीत बरोबरी राहिली की पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग खेळतात. मराठी वृत्तपत्रं याला ‘जादा वेळ’ म्हणतात, हिंदी ‘अतिरिक्त समय’. इंदुरी बोलण्यात मात्र दोन्हींना सर्रास ‘एक्स्ट्रा’ म्हणतात, आणि “एक्स्ट्रात गोल झाला” ऐकून ९३ व्या मिनिटाला की १०३ व्या, ते कळत नाही. मिनिट सांगा, संपलं.

नव्वदच्या दशकात वाढलेले ‘गोल्डन गोल’ची आठवण काढतात: जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपे. तो प्रकार २००४ मध्ये नियमांतून गेला. आता जादा वेळेची तीसही मिनिटं पूर्ण खेळावी लागतात.

७. टायब्रेकर, पेनल्टी शूटआउट, सडन डेथ: तिन्ही एकच का?

टायब्रेकर हा भारतातला जुना शब्द, शूटआउट हा टीव्हीवरचा. दोन्हींचा अर्थ पाच-पाच किक. १९७० पूर्वी बरोबरी सुटत नसेल तर पुन्हा सामना, नाहीतर नाणेफेक. १९६८ च्या युरो स्पर्धेत इटलीने सोव्हिएत संघाला उपांत्य फेरीत नाण्यावर मागे टाकलं होतं. सडन डेथ हा शूटआउटचाच पुढचा टप्पा: पाच-पाचनंतरही बरोबरी असेल तर एक-एक किक, एकाने मारला आणि दुसऱ्याचा हुकला की निकाल. कीपरसकट सगळ्यांची एकेक किक झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा मारता येत नाही.

दोन ठिकाणी हमखास गफलत होते. सामन्यातल्या पेनल्टीत कीपरने अडवलेला बॉल पुन्हा मारता येतो, शूटआउटमध्ये येत नाही. दुसरी गफलत लीगच्या पत्रकात. तिथे ‘टायब्रेकर’ म्हणजे गुण सारखे असताना वर कोण हे ठरवायचा निकष, मग तो गोलफरक असो, जास्त गोल असोत किंवा आपसातला निकाल. “गुण समान असल्यास टायब्रेकर” एवढंच लिहिलं की एक संघ बूट बांधून पेनल्टी मारायला हजर होतो. काय अभिप्रेत आहे ते पूर्ण लिहा (प्रश्न १७).

८. ‘सेम साईड’ गोल कुणाच्या नावावर लिहायचा?

मराठी वृत्तपत्रात ‘स्वयंगोल’, हिंदीत ‘आत्मघाती गोल’, मैदानावर ‘सेम साईड’, मुलांत ‘ओन गोल’ किंवा नुसतं ‘ओजी’. स्कोअररने पाहायचं ते एवढंच: आक्रमकाचा शॉट गोलच्या दिशेने जात होता का? असेल आणि बचावपटूला लागून आत गेला, तर रूढ पद्धतीने गोल आक्रमकाचा. बाहेर जाणारा बॉल बचावपटूने आत वळवला तर स्वयंगोल.

एक अपवाद भल्याभल्यांना माहीत नसतो. स्वतःच्या संघाची फ्री किक कुणालाही न लागता थेट आपल्याच जाळ्यात गेली तर तो गोल नाही, समोरच्यांना कॉर्नर. थ्रो-इनलाही तेच लागू.

९. आजोबांचं ऑफसाईड आणि टीव्हीवरचं ऑफसाईड वेगळं का वाटतं?

कारण मध्ये नियम बदलला. सहकारी बॉल देतो त्या क्षणी पुढचा खेळाडू आणि गोललाईन यांच्यात प्रतिस्पर्ध्यांपैकी पुरेसे जण नसले तर तो ऑफसाईड. १९२५ पूर्वी तिघं लागत, मग दोन. १९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीला असलेला खेळाडूही ऑफसाईड धरला जाई, आता बरोबरी चालते. म्हणून साठीपुढचा प्रेक्षक जिथे “ऑफसाईड!” ओरडतो, तिथे झेंडा वर जात नाही. हात आणि बाहू मोजत नाहीत, डोकं, धड, पाय मोजतात. स्वतःच्या अर्ध्यात ऑफसाईड नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉललाही नाही.

‘पॅसिव्ह ऑफसाईड’ हा शब्द नव्या पिढीचा: पुढे उभा आहे पण खेळात ढवळाढवळ करत नाही, म्हणून शिट्टी नाही. नुसतं त्या जागी उभं राहणं हा आजही गुन्हा नाही.

१०. “बॉल टू हँड होता, हँड टू बॉल नाही!” हा युक्तिवाद अजून चालतो का?

अर्धाच चालतो. जुन्या पिढीसाठी सगळं हेतूवर होतं: हात बॉलकडे गेला तर हँड, बॉल येऊन हातावर आदळला तर खेळ चालू. मुद्दाम हात लावणं आजही फाउलच. पण त्याला आता दोन गोष्टी जोडल्या आहेत.

पहिली: हाताने शरीर ‘अनैसर्गिक मोठं’ केलं असेल तर हेतू नसतानाही फाउल. उदाहरण घ्या. बचावपटू शॉट अडवायला उडी मारतो, हात खांद्याच्या वर पसरलेले, बॉल मनगटाला लागतो. “मी बघतही नव्हतो” हे खरं असलं तरी पेनल्टी. तोच खेळाडू हात पाठीमागे बांधून किंवा अंगाला चिकटवून उभा असेल आणि बॉल कोपराला लागला तर बहुधा काही नाही. कोच बॉक्समध्ये हात मागे घ्यायला लावतात ते यासाठी.

दुसरी: गोल करणाऱ्याच्याच हाताला बॉल लागून थेट आत गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच त्यानेच गोल मारला, तर चुकून लागला असला तरी गोल रद्द. २०१९ मध्ये हे आलं तेव्हा सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागलेलंही मोजत. २०२१ पासून ते काढलं. टीव्हीवर जुनी क्लिप बघून वाद घालणाऱ्यांनी आधी साल बघावं.

आणि ‘हात’ कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून. त्याच्या वर खांदा, तिथे लागलं तर खेळ चालू.

११. “चार पावलं झाली!” असं काका ओरडतात ते काय?

कीपरचा जुना नियम. गोलकीपरला (इकडे गोली, गोलकी, कीपर काहीही म्हणा) बॉल हातात घेऊन चारच पावलं टाकता येत. २००० मध्ये पावलं गेली आणि सहा सेकंद आले. २०२५-२६ च्या हंगामापासून आठ सेकंद, आणि त्यापुढे धरून ठेवला तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो.

‘बॅकपास’ही १९९२ नंतरच्या पिढीचा शब्द. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही. डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने दिलेला चालतो. पण पायाने उडवून मग डोक्याने देण्याची चलाखी केली तर ती करणाऱ्याला पिवळं कार्ड.

१२. डॉज, चकवा, ड्रिबल, नटमेग. सायकल किक, बॅक व्हॉली. फरक काय?

पहिल्या तिन्हींचा अर्थ समोरच्याला हुलकावणी देऊन निघणं. ‘डॉज’ हॉकीवाल्यांकडून आलेला. नटमेग मात्र नेमका प्रकार आहे: बॉल समोरच्याच्या दोन पायांमधून काढणं. फ्रान्समध्ये त्याला ‘छोटा पूल’ अशा अर्थाचा शब्द आहे, नेदरलँड्सच्या गल्ल्यांत सुरीनामी वस्तीतून आलेला ‘पाना’, अर्जेंटिनात ‘कान्यो’. टर्फवरची मुलं ‘पाना’ म्हणतात ती व्हिडिओंमुळे.

पाठ जमिनीकडे करून डोक्यावरून मारलेली किक म्हणजे सायकल किक. बंगाली फुटबॉलमधून आपल्याकडे आलेली ‘बॅक व्हॉली’ तीच. तिला काही जण सीझर किकही म्हणतात, काहींच्या मते सीझर म्हणजे आडवं होऊन कुशीवरून मारलेली. यावर वाद घालू नये, इंग्रजीतही एकमत नाही. चिली आणि पेरू हे दोघं तर ही किक आपलीच म्हणून दोन वेगळी नावं लावतात.

१३. टर्फवर बुकिंग करताना जे शब्द येतात ते कुठले?

‘फाइव्ह अ साईड’, ‘सेव्हन अ साईड’ म्हणजे कीपरसकट एका बाजूचे खेळाडू. ‘रोलिंग सब’ म्हणजे कितीही वेळा आत-बाहेर. ‘फ्लाय’ म्हणजे कीपरलाच पुढे येऊन खेळायची मुभा. हे आधी ठरलं नसेल तर पहिल्या गोलवर भांडण ठरलेलं. ऑफसाईड सहसा नसतो. फुटसालच्या (पाच-पाच जणांच्या, छोट्या कोर्टवरच्या फुटबॉलच्या) नियमांत थ्रो-इनऐवजी पायाने ‘किक-इन’ असते, पण जाळीबंद टर्फवर बॉल जाळीला लागूनही खेळ चालू ठेवतात.

दुकानदार बुटांच्या तळव्याची अक्षरं सांगतो. टीएफ: बारीक, दाट रबरी गोट्या, टर्फसाठी हेच. एफजी: लांब, मोजके स्टड, मातीच्या-गवताच्या मैदानासाठी. एजी: उंच कृत्रिम गवतासाठी. एफजी घालून टर्फवर गेलात तर स्टड गवतात अडकतो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा वळतो. म्हणून बरेच टर्फवाले एफजी चालू देत नाहीत. बॉलही वेगळा: मोठ्या मैदानाला ५ नंबर (घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम), फुटसालला कमी उसळणारा ४ नंबर. दुकानात नुसता “४ नंबर” मागितलात तर लहान मुलांचा हलका, उसळणारा बॉल हातात पडेल. ‘फुटसालचा’ असं स्पष्ट म्हणा. आजोबांच्या ‘ब्लॅडर’बद्दलही विचारतात: चामड्याच्या खोळीत भरायची ती रबरी पिशवी. तोंड नाडीने शिवत, आणि हेड मारताना ती नाडी कपाळाला लागे.

१४. कोल्हापूरचे नातेवाईक, मराठी पेपर आणि इंदूरचा कोच, तिघांचे शब्द जुळत नाहीत. कुठले धरावेत?

मराठी पेपरात गोलरक्षक, बचावपटू, मधली फळी, आघाडीवीर, उपांत्य फेरी. हिंदी पेपरात रक्षापंक्ति, अग्रिम पंक्ति, सेमीफाइनल. हे वाचायचे शब्द, मैदानावर कुणी “आघाडीवीर, पुढे ये” म्हणत नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत. तिथे ‘तालीम’ म्हणजे क्लब हे गृहीत असतं. इंदूरचा मुलगा त्याचा अर्थ हिंदीप्रमाणे ‘शिक्षण’ घेतो आणि “कुठल्या तालमीचा?” या प्रश्नावर शाळेचं नाव सांगतो. केरळातला वर्गमित्र ‘सेव्हन्स’ म्हणाला तर ती टर्फची सेव्हन अ साईड नव्हे. मलबारात सात-सातच्या सामन्यांची स्वतंत्र, गर्दी खेचणारी परंपरा आहे.

आमचं मत: बोलताना स्थानिक शब्द, लिहिताना जो सगळ्यांना कळेल तो.

१५. मैदानावर हाक कुठल्या भाषेत द्यावी?

छोट्या शब्दात, आणि संघात सगळ्यांची एकच. “मागे!” ही मराठी हाक सर्वांत धोक्याची. तिचे दोन अर्थ होतात: मागून कुणी येतोय, आणि मागे पास दे. हिंदी “पीछे!”चंही तसंच. त्यापेक्षा प्रतिस्पर्धी अंगावर येत असेल तर “आला!” (अकादमीतली मुलं “मॅन ऑन” म्हणतात), वेळ असेल तर “एकटा!” किंवा “टाईम!”, परत पास हवा असेल तर “दे परत!”. “भिया!” ही हाक प्रेमळ आहे, पण इंदुरात ती ऐकून अकराही जण वळतात.

“माझा!” म्हणणं हा फाउल नाही. प्रतिस्पर्ध्याला फसवायला “सोड!” किंवा “लीव्ह!” ओरडलात तर मात्र पिवळं कार्ड आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत). म्हणून हाकेआधी नाव लावायची सवय बरी: “अमोल, सोड!”

१६. लाईन्समन, अंपायर, पंच, सॉकर: हे चुकीचे आहेत का?

लाईन्समन १९९६ पासून अधिकृतपणे असिस्टंट रेफ्री झाला, बोलण्यात चालतो. अंपायर हॉकी-क्रिकेटचा, फुटबॉलमध्ये रेफ्री. ‘पंच’ मराठी वृत्तलेखनात दोन्हींना चालतो. सॉकर हा अमेरिकन शब्द असल्याचा समज चुकीचा आहे. तो ‘असोसिएशन’वरून इंग्लंडमध्येच, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांत तयार झाला.

१७. गणेशोत्सवात मंडळाची स्पर्धा आहे. तिन्ही पिढ्यांना कळेल असं नियमपत्रक कसं लिहावं?

एका पानाच्या वर जाऊ नका आणि ज्या शब्दांवर निर्णय अवलंबून आहे तेवढेच उलगडून लिहा. खेळाडूंच्या जागांची नावं पत्रकात लागतच नाहीत. नमुना असा:

“सामना २० मिनिटांचे दोन भाग, मध्ये ५ मिनिटं मध्यंतर. वाया गेलेला वेळ रेफ्री भरून देतील. बाद फेरीत बरोबरी राहिल्यास जादा वेळ नाही, थेट पाच-पाच पेनल्टी, मग एक-एक. साखळीत गुण समान असल्यास आधी आपसातला निकाल, मग गोलफरक, मग केलेले गोल, मग चिठ्ठी. चौकोनात फाउल झाल्यास पेनल्टी. कमान चौकोनाचा भाग नाही. ऑफसाईड नाही. बदली खेळाडू कितीही वेळा, पण खेळ थांबल्यावर आणि रेफ्रीला सांगून. कीपर बदलायचा असेल तर तेही सांगून. फक्त टीएफ बूट किंवा कॅनव्हास. शिन गार्ड सक्तीचे.”

‘शिन गार्ड’ हा शब्द तुमच्याकडे चालत नसेल तर ‘नडगीचे पॅड’ लिहा, पालकांना दुकानात तेवढं सांगता येतं. रेफ्री बाहेरून बोलावणार असाल तर हेच पान हिंदीतही द्या आणि सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर पेनल्टी, कमान आणि बदली खेळाडू ही तीन कलमं मोठ्याने वाचून घ्या. पेनल्टीचा ठिपका चुन्याने आखताना अंतर गोललाईनपासून मोजायचं, पोलच्या मागच्या जाळीपासून नाही. मोठ्या मैदानावर ते ११ मीटर, लहान टर्फवर ६ ते ७ मीटर ठेवा.